शोधा-बदला खिडकी: पुढचं अक्षर टाईप केलं की पहिला मॅच सुटतो

रिकामी_ओळ (धागाकर्ता)

पायथन आणि पायसाइड ६ (क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीचं पायथन रूप) वापरून डेस्कटॉपसाठी लहानसा कोड एडिटर चालू आहे. मजकुराचा भाग म्हणजे साधा क्यूप्लेनटेक्स्टएडिट. त्याला आता 'शोधा-बदला' खिडकी जोडायची आहे. वर शोधायचा मजकूर, खाली बदली मजकूर. 'लहान-मोठं अक्षर पाहा', 'पूर्ण शब्द' आणि 'रेगेक्स' (नमुना देऊन शोध) असे तीन चेकबॉक्स. 'मागचा', 'पुढचा', 'बदला', 'सगळे बदला' ही बटणं. कोपऱ्यात '१७ पैकी ३' असा आकडा. खिडकी मोडल (उघडी असेपर्यंत बाकी सगळं अडवणारी) नाही, कारण ती उघडी ठेवून मागे कोडमध्ये हात घालता आला पाहिजे.

सध्या सगळं एडिटरच्या फाइंड मेथडवर चाललंय आणि पाच ठिकाणी अडलंय:

१. टाईप करता करता शोध होतो, पण 'कण' शोधताना क टाईप केल्यावर पहिल्या 'कण'मधला क निवडला जातो, आणि ण टाईप केल्याबरोबर कर्सर दुसऱ्याच 'कण'वर. हाताशी आलेला पहिला जातो.
२. एंटर दाबलं की एकाआड एक मॅच मिळतो. तेच 'पुढचा' बटण माउसने दाबलं तर बरोबर.
३. फोकस खिडकीत असेपर्यंत एडिटरमधलं सिलेक्शन इतकं फिकट दिसतं की सापडलेलंच शोधावं लागतं.
४. 'नाव'च्या जागी 'नाव_जुने' असं 'सगळे बदला' केलं की एडिटर गोठतो.
५. चाळीस हजार ओळींच्या लॉग फाईलमध्ये सगळे मॅच रंगवले की साधं टाईप करणंही जड जातं.

कोड बराच आहे म्हणून इथे डकवत नाही. कुठला भाग हवा ते सांगा.

---

कंसमोजणी

कोड नको, लक्षणं पुरेशी आहेत. १ आणि ४ चं मूळ एकच: 'शोध कुठवर आला' हे तुम्ही एडिटरच्या सिलेक्शनमधून वाचताय. सिलेक्शन ही वापरणाऱ्याची वस्तू आहे. शोधाची स्थिती वेगळी ठेवा.

क्यूटीच्या फाइंडचा नियम असा, की कर्सरला सिलेक्शन असेल तर पुढे जाणारा शोध ते सिलेक्शन संपतं तिथून सुरू होतो. तुमचा क सिलेक्ट झाला. मग 'कण' त्या क च्या पुढून शोधला गेला. पहिला 'कण' मिळणार कसा?

उपाय म्हणून एक खुंटी ठोका. खिडकी उघडताना सिलेक्शनची सुरुवात, सिलेक्शन नसेल तर कर्सरची जागा, नोंदवून ठेवा. नोंद पूर्णांकात नको, क्यूटेक्स्टकर्सरच्या वेगळ्या प्रतीत ठेवा, म्हणजे मागे कोडमध्ये काही टाईप झालं तरी ती आपोआप सरकते. खोक्यातलं अक्षर बदललं की दर वेळी शोध खुंटीपासून. 'पुढचा' किंवा 'मागचा' दाबला तर शोध चालू मॅचपासून, आणि सापडलं की खुंटी तिथे हलवायची. खोकं रिकामं झालं की सिलेक्शन काढून खुंटीवर परत. एडिटरमध्ये क्लिक झालं तर खुंटी क्लिकच्या जागी. पण कर्सर हलल्याचा सिग्नल तुम्ही स्वतः कर्सर हलवलात तरी येतो, त्यामुळे 'ही हालचाल आपली' असा एक झेंडा लागेल. तो विसरलात तर १ नंबरची तक्रार जशीच्या तशी परत येईल आणि कारण सापडायला दुप्पट वेळ जाईल.

४ बद्दल: तुमचं 'सगळे बदला' बहुधा 'सापडेपर्यंत बदलत राहा' असं आहे आणि फाईल संपली की वरून पुन्हा सुरू होतं. 'नाव_जुने' मध्येही 'नाव' आहेच, मग थांबणार कधी? 'सगळे बदला' मध्ये वळसा घालून वर जायचंच नसतं. आधी सगळ्या मॅचची यादी करायची, मग यादीवर काम.

त्यामुळे आधी एक शुद्ध फंक्शन लिहा: मजकूर आणि अटी आत, सुरुवात-शेवट अशा जोड्यांची यादी बाहेर. त्याला खिडकी माहीत नको, एडिटर माहीत नको. खिडकीची बटणं फक्त या यादीत फिरतात. '१७ पैकी ३' मधला ३ सुद्धा यादीत बायनरी शोध करून मिळतो. वेगळा मोजक ठेवला की तो आज ना उद्या चुकतो.

---

टॅबवाला

२ चं उत्तर: क्यूडायलॉगमध्ये टाकलेल्या प्रत्येक पुशबटणाला ऑटोडिफॉल्ट आपोआप चालू असतं. लाइनएडिटमध्ये एंटर दाबलं की आधी रिटर्नप्रेस्ड सिग्नल जातो, मग तीच कळ वर डायलॉगपर्यंत पोचते आणि डायलॉग डिफॉल्ट बटण दाबतो. दोन्ही 'पुढचा'ला जोडले असतील तर एका एंटरला दोन पावलं.

चारही बटणांचं ऑटोडिफॉल्ट बंद करा आणि डिफॉल्ट म्हणून कुणालाच नेमू नका. एंटर फक्त लाइनएडिटकडून घ्या. शिफ्ट+एंटर म्हणजे 'मागचा' ठेवणार असाल तर रिटर्नप्रेस्डवर विसंबू नका, तो शिफ्ट असतानाही येतो. लाइनएडिटवर इव्हेंट फिल्टर बसवून कळ आणि मॉडिफायर दोन्ही तपासा.

३ साठी पॅलेट. क्यूटीत सिलेक्शनचा रंग तीन गटांत असतो: सक्रिय, निष्क्रिय, बंद. खिडकीत फोकस गेला की एडिटर निष्क्रिय गटाचा रंग घेतो. निष्क्रिय गटाचे हायलाइट आणि हायलाइटेडटेक्स्ट हे दोन रंग सक्रियच्या बरोबरीने लावा. तीन ओळींचं काम.

आणि पुढे शोधाचा इतिहास दाखवायला लाइनएडिटच्या जागी कॉम्बोबॉक्स आणाल तेव्हा त्याचा कम्प्लीटर काढून टाका. तो ओळीतच मजकूर पुरा करतो आणि लहान-मोठं अक्षर बघत नाही. तुम्ही तीन अक्षरं टाईप करता, तो मागच्या वेळचं अख्खं वाक्य भरतो आणि शोध त्याचा होतो.

---

अर्धविराम

कंसमोजणींनी सांगितलेल्या फंक्शनला मजकूर द्यायचा कुठून, यात दोन खड्डे आहेत. दोन्ही पायसाइडमध्ये हमखास लागतात.

पहिला: टूप्लेनटेक्स्ट मजकूर देताना न तुटणारी स्पेस (यू+००ए०) साध्या स्पेसमध्ये बदलून देतं. वेब पानावरून डकवलेल्या कोडमध्ये हीच स्पेस बसलेली असते, कंपायलर तिच्यावर अडतो, आणि ती शोधायला जावं तर तुमची खिडकी म्हणणार 'सापडलं नाही'. टूरॉटेक्स्ट वापरा. त्यात ओळींच्या मध्ये यू+२०२९ हे परिच्छेद-चिन्ह येतं, तेवढं नव्या ओळीच्या चिन्हाने बदला. एकास एक बदल असल्याने जागा हलत नाहीत.

दुसरा जास्त वाईट. क्यूटेक्स्टकर्सरची जागा यूटीएफ-१६ एककांत (१६ बिटांच्या तुकड्यांत) मोजली जाते, पायथनची स्ट्रिंग कोड पॉइंटांत (युनिकोडच्या एकेका क्रमांकात). फाईलच्या वरच्या भागात कॉमेंटमध्ये एक इमोजी असेल तर त्याला क्यूटी दोन मोजतं, पायथन एक. पायथनच्या रेगेक्सने दिलेला प्रत्येक आकडा तिथून पुढे एकाने मागे पडतो. रंगवताना मॅच एक घर डावीकडे सरकलेला दिसतो. 'सगळे बदला' केलं तर शेजारचं अक्षर खाल्लं जातं. देवनागरी मजकुरावर चाचणी करून ही चूक कधीच दिसणार नाही, कारण देवनागरीची अक्षरं एका एककात मावतात. चाचणीच्या फाईलमध्ये पहिल्या ओळीत इमोजी हवाच.

सरळ मार्ग: शोध क्यूरेग्युलरएक्स्प्रेशननेच (क्यूटीच्या स्वतःच्या रेगेक्सने) करा. साधा शोध असला तरी मजकूर त्याच्या एस्केपमधून काढून पॅटर्न करा. त्याचे कॅप्चर्डस्टार्ट आणि कॅप्चर्डएंड यूटीएफ-१६ मध्येच असतात, रूपांतर लागत नाही. शिवाय शून्य लांबीचे मॅच (ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह, किंवा 'क*' जिथे क नाहीच) ग्लोबलमॅच स्वतः पुढे ढकलतो. हाताने लूप लिहिलात तर तिथे कायमचे अडकाल.

डॉक्युमेंटच्या स्वतःच्या फाइंडलाही रेगेक्स देता येतो, पण तो एकेक ब्लॉक, म्हणजे एकेक ओळ सुटी तपासतो. ओळ ओलांडणारा मॅच त्याला मिळत नाही.

---

शून्याधारित

> चाळीस हजार ओळींच्या लॉग फाईलमध्ये सगळे मॅच रंगवले की

शोध जड नसतो, रंगवणं जड असतं. चाळीस हजार ओळी, ओळीला ऐंशी अक्षरं धरली तर बत्तीस लाख अक्षरं. साधा मजकूर शोधायला काही मिलिसेकंद. पण सेटएक्स्ट्रासिलेक्शन्सला (एडिटरमध्ये जादा तुकडे रंगवणारी मेथड) वीस हजार तुकडे दिले की ते प्रत्येक रंगकामाच्या वेळी चाळले जातात आणि कर्सर लुकलुकला तरी रंगकाम होतं.

पडद्यावर एका वेळी साठ-सत्तर ओळी दिसतात, तेवढ्यांचेच द्या. फर्स्टव्हिजिबलब्लॉकपासून सुरू करून ब्लॉकबाउंडिंगजॉमेट्रीने खालचा काठ ओलांडेपर्यंत चालत जा. पहिल्या आणि शेवटच्या ब्लॉकची जागा मिळाली की यादीत बायनरी शोध करून मधले मॅच उचला. स्क्रोल झाल्यावर किंवा खिडकीचा आकार बदलल्यावर हेच पुन्हा. यादी पूर्ण असल्यामुळे आकडा बरोबरच राहतो.

आकड्यालाही मर्यादा घाला. खोक्यात नुसता एक टिंब आणि रेगेक्स चालू, म्हणजे फाईलमधलं प्रत्येक अक्षर मॅच. व्हीएस कोडची शोधपट्टी १९९९९ वर मोजणं थांबवते आणि पुढे अधिकचं चिन्ह लावते. असं काहीतरी हवं. मात्र ही मर्यादा दाखवण्यापुरती. 'सगळे बदला' ला लागू केली तर 'सगळे' हा शब्द खोटा ठरतो.

---

रिकामी_ओळ

१, २, ३ सुटले. ५ साठी दिसणाऱ्या ओळींचंच रंगकाम केलं, फरक लगेच जाणवतो. पण चालू ओळीची जी फिकट पट्टी आधी यायची ती गेली. आणि टाईप करताना दर अक्षराला अख्खी यादी नव्याने काढायची का? बॉयर-मूर वगैरे (मजकूर वेगाने शोधायचे अल्गोरिदम) लिहावं लागेल का?

---

टॅबवाला

पट्टी गेली कारण तीही एक्स्ट्रा सिलेक्शनच आहे. सेटएक्स्ट्रासिलेक्शन्स जुन्या यादीत भर घालत नाही, आधीची फेकून नवी ठेवतो. चालू ओळ, जुळणारे कंस, शोधाचे मॅच, चुकांच्या लाटा असे वेगळे खण ठेवा आणि कुठलाही खण बदलला की सगळे जोडून एकदाच द्या. क्रम महत्त्वाचा: चालू ओळ सगळ्यात आधी, नाहीतर ती मॅचवर रंग फासते.

---

शून्याधारित

बॉयर-मूर १९७७ चं, हॉरस्पूलचं सोपं रूप १९८० चं. दोन्ही वाचायला सुंदर आहेत आणि तुम्हाला लिहायची गरज शून्य. पायथनच्या स्वतःच्या फाइंडमध्ये आधी याच दोघांचं मिश्रण होतं; ३.१० पासून लांब मजकुरासाठी टू-वे अल्गोरिदमही आला. तुमचा वेळ तिथे जात नाहीये.

अक्षरागणिक यादी काढा, पण १५० मिलिसेकंद थांबून. एकच सिंगलशॉट टायमर, दर अक्षराला नव्याने सुरू. एक अपवाद: एंटर दाबलं आणि टायमर अजून बाकी असेल तर वाट न बघता शोध तिथल्या तिथे उरका. नाहीतर भरभर टाईप करून एंटर दाबणाऱ्याला जुन्याच शब्दाचा 'पुढचा' मिळतो.

यादीसोबत डॉक्युमेंटचा रिव्हिजन आकडा साठवा. यादी वापरण्याआधी तो जुळतोय का पाहा; नसेल तर यादी शिळी, नवी काढा. ही तपासणी 'बदला' आणि 'सगळे बदला' च्या पहिल्याच ओळीत हवी.

---

कंसमोजणी

बदलण्याबद्दल सविस्तर, कारण फायली खराब होतात त्या इथेच.

'बदला' बटणाची नेहमीची चूक अशी: सिलेक्शनमधला मजकूर घ्यायचा, त्यावरच पुन्हा रेगेक्स चालवायचा, जुळला तर बदलायचा. हे साध्या शब्दाला चालतं. पॅटर्नमध्ये मागे-पुढे डोकावणारी अट असेल ('ज्याच्या आधी टिंब आहे असा नाव') तर सिलेक्शनमध्ये ते टिंब नसतंच, म्हणून मॅच सापडलेला दिसतो पण बदलत नाही. उलटही होतं: ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह असलेला पॅटर्न कुठल्याही सिलेक्शनच्या सुरुवातीला जुळतो आणि ओळीच्या मधलं काहीतरी बदलून बसतं. चालू मॅच यादीतून घ्या, त्याच्या जागा सिलेक्शनशी तंतोतंत जुळतात का एवढंच पाहा. जुळत नसतील तर बदलू नका, फक्त पुढच्या मॅचवर जा.

'सगळे बदला' साठी यादी शेवटाकडून सुरुवातीकडे चालवा. शेवटचा मॅच आधी बदलला की त्याच्या आधीच्यांच्या जागा हलत नाहीत, वजाबाकी-बेरजेचा हिशेब ठेवावा लागत नाही. डॉक्युमेंटवर एकच क्यूटेक्स्टकर्सर, बिगिनएडिटब्लॉक, प्रत्येक जोडीसाठी सुरुवातीवर जा, कीपअँकर देऊन शेवटापर्यंत ओढा, इन्सर्टटेक्स्ट, आणि सरतेशेवटी एंडएडिटब्लॉक. त्यामुळे पाचशे बदल एका कंट्रोल+झेडमध्ये परत येतात. एंडएडिटब्लॉक हा फायनली मध्ये ठेवा. मध्ये एरर आली आणि ब्लॉक उघडा राहिला तर पुढचं सगळं टायपिंग त्याच अनडूत गुंफलं जातं.

सेटप्लेनटेक्स्टने नवा मजकूर ओतायचा मोह होईल, कारण तो एका ओळीत होतो. तो अनडूचा इतिहासच पुसतो. करू नका.

बदली मजकुरात गटांचे संदर्भ एकाच पद्धतीने ठेवा, डॉलर-१ किंवा बॅकस्लॅश-१. दोन्ही मान्य केलेत तर एकाची एस्केप दुसऱ्याला लागते. दहाव्या गटाचा घोळही ठरवून टाका: 'डॉलर-१०' म्हणजे दहावा गट, की पहिला गट आणि पुढे शून्य? गट दहा नसतील तर दुसरा अर्थ घेणं बरं. आणि रेगेक्स चेकबॉक्स बंद असेल तर बदली मजकूर अक्षरशः तसाच जायला हवा. पायथनच्या सब फंक्शनला साधी स्ट्रिंग दिली तर त्यातला बॅकस्लॅश तो आदेश समजतो. एखादा विंडोज पाथ टाकला की एरर किंवा भलताच मजकूर. स्ट्रिंगऐवजी फंक्शन द्या, मग तो आत डोकावत नाही.

---

पट्टीवाला

मुळात खिडकी हवीच कशाला? एडिटरच्या वर किंवा खाली एक पट्टी डकवा. खिडकी नेमकी मॅचवर येऊन बसते, मग ती हलवा, पुन्हा 'पुढचा', पुन्हा हलवा.

---

टॅबवाला

@पट्टीवाला, एका ओळीच्या शोधाला पट्टीच उत्तम. पण तीन चेकबॉक्स, बदली मजकूर आणि लांब रेगेक्स असेल तर पट्टी दोन मजली होते आणि उघडली की कोड दोन ओळी खाली ढकलते. पट्टी वर ठेवणार असाल तर स्क्रोलची जागा तेवढीच भरपाई करून सरकवा, म्हणजे मजकूर डोळ्यांसमोर स्थिर राहतो.

खिडकीच ठेवणार असाल तर मॅचवर गेल्यावर कर्सररेक्टचं वरचं-डावं टोक मॅपटूग्लोबलने पडद्याच्या निर्देशांकात आणा आणि खिडकीच्या चौकटीशी छेदतंय का पाहा. छेदत असेल तर खिडकी मॅचच्या वर किंवा खाली, जिथे जागा जास्त तिथे, सरकवा. आडवी हलवू नका, माउसखालून बटण निसटतं. आणि मॅच दाखवताना एन्शुअरकर्सरव्हिजिबलने तो अगदी तळाच्या ओळीत येतो, पुढचं काहीच दिसत नाही. मॅच पडद्याबाहेर असेल तरच सेंटरकर्सर. आधीच दिसत असेल तर स्क्रोल हलवूच नका.

---

खिडकीबाहेर

क्यूटी नसणाऱ्यांसाठी दोन ओळी, धाग्यात कोणी पुढे शोधत येईल म्हणून.

टीके-इंटरमध्ये (पायथनसोबत येणारी खिडक्यांची लायब्ररी) टेक्स्ट विजेटच्या सर्चला रेगेक्स दिलात तर काउंट व्हेरिएबलही द्यावाच लागतो, नाहीतर मॅच किती लांब ते कळत नाही. विंडोजवर फोकस गेला की टेक्स्टचं सिलेक्शन फिकट होत नाही, गायबच होतं. इनअ‍ॅक्टिव्हसिलेक्टबॅकग्राउंडला रंग दिला की राहतं. एका अनडूसाठी ऑटोसेपरेटर्स बंद करून आधी आणि नंतर एकेक एडिट-सेपरेटर टाका.

थेट विंडोज एपीआयमध्ये फाइंडटेक्स्ट ही तयार खिडकी आहे. ती मोडल नसल्यामुळे फंक्शन लगेच परत येतं, पण खिडकी तुमचा फाइंडरिप्लेस स्ट्रक्चर आणि शोधाचा बफर वापरतच राहते. ते लोकल व्हेरिएबल असले तर स्टॅक उडाल्यावर खिडकी कचरा वाचते. स्टॅटिक ठेवा; बफर किमान ८० अक्षरांचा. आणि मेसेज लूपमध्ये इजडायलॉगमेसेज नसेल तर खिडकीत टॅब चालत नाही.

---

अर्धविराम

'पूर्ण शब्द' चेकबॉक्सबद्दल कोणी बोललं नाही. बहुतेक जण शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी (रेगेक्समधली शब्दाची सीमा) लावून मोकळे होतात. इंग्रजी कोडला चालतं. मराठी स्ट्रिंगा आणि कॉमेंट असलेल्या फाईलवर लावून बघा.

पायथनच्या रेगेक्समध्ये शब्दाचं अक्षर म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. काना, मात्रा, वेलांटी या जोडचिन्हांच्या वर्गात मोडतात, अक्षरांच्या नाही. त्यामुळे 'काम' पूर्ण शब्द म्हणून शोधला तर 'कामात' मध्येही सापडतो: म नंतर काना आला, काना शब्दाचा भाग नाही, म्हणजे सीमा! जावास्क्रिप्टच्या इंजिनात तर क सुद्धा शब्दाचं अक्षर नाही, तिथे 'काम' मोकळा उभा असला तरी सापडत नाही. क्यूरेग्युलरएक्स्प्रेशनमध्ये युनिकोड गुणधर्मांचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. तरी जोडचिन्हांबद्दल इंजिनावर भिस्त ठेवू नका.

सीमा स्वतः तपासा. मॅच मिळाल्यावर त्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एक अक्षर घ्या, युनिकोडडेटाच्या कॅटेगरीने वर्ग पाहा. वर्गाचं पहिलं अक्षर एल (अक्षर), एम (जोडचिन्ह) किंवा एन (अंक) असेल, वर्ग पीसी (अंडरस्कोरसारखं चिन्ह) असेल, किंवा चिन्ह शून्य-रुंदीचं जोडक अथवा विभाजक (यू+२००डी, यू+२००सी) असेल तर ते शब्दाचा भाग, मॅच रद्द. आणि शोधायचा मजकूरच '+=' सारखा चिन्हाने सुरू होत असेल तर त्या बाजूची सीमा तपासू नका.

याच्याच शेजारचा प्रश्न: 'दऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाईप होतो. एक, ऱ (यू+०९३१), हलन्त, या. दोन, साधा र, हलन्त, शून्य-रुंदीचं जोडक, या. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधात वेगळे, आणि एनएफसी (युनिकोड मजकूर एका ठरलेल्या रूपात आणणं) करूनही एक होत नाहीत. नुक्त्याचं आणखी गमतीदार: र आणि सुटा नुक्ता एनएफसीने एकत्र येऊन ऱ होतो, पण क़ (यू+०९५८) एनएफसीने फुटून क आणि नुक्ता असे दोन होतात. लांबी बदलते, म्हणजे जागा चुकतात. लहान-मोठं अक्षर न पाहणाऱ्या शोधातही तेच: तुर्की भाषेतला टिंबवाला मोठा आय पायथनमध्ये लोअर केला की एकाचे दोन कोड पॉइंट होतात. त्यामुळे 'दोन्हीकडे लोअर करून तुलना' हा मार्ग सोडा, इंजिनाचाच पर्याय वापरा.

---

कंसमोजणी

@अर्धविराम, मान्य, पण कोड एडिटरमध्ये मूळ वागणूक तंतोतंत तुलनेचीच असावी. एडिटरला दोन 'दऱ्या' एक वाटले आणि प्रोग्रामला वेगळे, तर चूक शोधणाऱ्याने काय करायचं? सैल तुलना वेगळा चेकबॉक्स म्हणून द्या. गंमत म्हणजे पायथन चलांची नावं स्वतः एनएफकेसी (एनएफसीचाच सैल प्रकार) करून घेतो, म्हणजे इंटरप्रिटरला एकच असलेली दोन नावं तुमच्या शोधात दोन ठरू शकतात. हा चेकबॉक्स नेमका तिथे कामाला येईल.

---

शून्याधारित

रेगेक्स चालू असताना आणखी एक. वापरणारा (अ+)+$ असं काही टाईप करणार, मुद्दाम नाही, मोठा पॅटर्न अर्धवट असताना. ओळीत तीस 'अ' आणि शेवटी एक 'क' असेल तर मागे फिरणारं इंजिन ते तीस अ गटांत वाटायच्या सगळ्या तऱ्हा करून बघतं. प्रत्येक वाढीव 'अ'ला काम दुप्पट. तिसाला मार्ग शंभर कोटींच्या घरात. चाचणीसाठी शेवटी $ असलेलाच पॅटर्न घ्या. (अ+)+ब घेतलात तर काही इंजिनं 'ब मजकुरात नाहीच' हे आधी बघून लगेच हात झटकतात आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे.

पायथनच्या रेमध्ये वेळेची मर्यादा नाही, आणि ते चालू असताना जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं पायथनचं कुलूप) धरून बसतं, म्हणून वेगळ्या थ्रेडमध्ये टाकलं तरी खिडकी गोठते. वेगळी प्रोसेस करून वेळ संपल्यावर ती मारावी लागते. पीसीआरई२ ला (क्यूटीच्या रेगेक्समागचं इंजिन) पावलांची मर्यादा आहे, मुळात एक कोटी; ती ओलांडली की शोध चुकीसह थांबतो. क्यूटीत तेव्हा मॅच नसतो आणि इजव्हॅलिड खोटं येतं. 'हॅजमॅच खोटं' एवढंच वाचलंत तर खिडकी 'सापडलं नाही' म्हणेल, जे खरं नाही. 'पॅटर्न फार किचकट, शोध अर्धवट' असा वेगळा संदेश द्या.

अर्धवट पॅटर्नवर (उघडा कंस, अजून बंद नाही) मेसेज बॉक्स अजिबात नको. खोक्याची कड लाल, खाली एररस्ट्रिंग, आणि पॅटर्नएररऑफसेटने नेमकी जागा. मागचे रंगवलेले मॅच पुसा, 'बदला' ची दोन्ही बटणं बंद करा.

---

रिकामी_ओळ

४ पण सुटला, पाचशे बदल एका अनडूत परत येतात. इमोजीवाली चाचणी केली, आधीचा कोड खरंच शेजारचं अक्षर खात होता. आता इंजिन पूर्ण क्यूरेग्युलरएक्स्प्रेशनवर नेलं आहे.

शेवटचं एक: कंट्रोल+एफ दाबल्यावर सिलेक्ट केलेला मजकूर खोक्यात यावा असं केलंय. तीन ओळी सिलेक्ट असतील तर खोक्यात एक चमत्कारिक चिन्ह दिसतं आणि काहीच सापडत नाही.

---

अर्धविराम

तेच यू+२०२९. सिलेक्टेडटेक्स्ट ओळींच्या मध्ये नव्या ओळीऐवजी हे चिन्ह देतं. सिलेक्शनमध्ये ते असेल तर खोक्यात मजकूर भरूच नका. माणसाने चार ओळी निवडून कंट्रोल+एफ दाबलं, तर बहुधा त्याला त्या चार ओळींच्या आत शोधायचंय. 'फक्त निवडलेल्या भागात' चालू करा आणि तो भाग क्यूटेक्स्टकर्सर म्हणून धरून ठेवा, दोन आकड्यांत नाही. आत बदल झाले की तो लांबतो-आखडतो.

एकाच ओळीचं सिलेक्शन असेल तर भरा, रेगेक्स चालू असेल तर एस्केप करून भरा, आणि खोक्यातला सगळा मजकूर निवडून ठेवा, म्हणजे नवीन शब्द टाईप करताना आधी पुसावा लागत नाही. सिलेक्शन नसेल तर मागच्या वेळचा शब्द तसाच राहू द्या. एफ३ खिडकी बंद असतानाही त्याच शब्दावर चाललं पाहिजे. म्हणून तो शब्द खिडकीत नाही, इंजिनापाशी साठवा.